प्लास्मिड नावाची भानगड

"सारख्या अँटिबायोटिक खाऊन माझ्या बॉडीला सवय झालीय, आता लागूच पडत नाहीत" हे इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसलो. बॉडीला सवयबिवय काही होत नाही हो. रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला दाद न देण्याची ताकद, येतो बॅक्टेरियाला. आणि तोच बॅक्टेरिया उद्या शेजारच्या बेडवरच्या पेशंटला लागला तर त्याने जन्मात एकही अँटिबायोटिक घेतलेली नसली तरी त्यालाही ते औषध चालणार नाही.

शाळेत शिकलोय ते म्युटेशनचं. योगायोगाने एखादा जंतू बदलतो, औषधाने बाकीचे मरतात, हा उरतो आणि वाढत सुटतो. बरोबरच आहे ते, पण हॉस्पिटलमध्ये जो घोळ होतो त्यात प्लास्मिड ही त्याहून भारी भानगड आहे. मुख्य डीएनए सोडून बॅक्टेरियाकडे डीएनएची छोटी गोल कडी असते ती प्लास्मिड. रेझिस्टन्सचे जीन बरेचदा हिच्यावर बसलेले असतात. एक बॅक्टेरिया केसासारखी बारीक नळी काढून दुसऱ्याला चिकटतो, त्याला जवळ ओढतो, मग कडीच्या दोन धाग्यांपैकी एक कापून पलीकडे सरकवला जातो आणि दोन्हीकडे कमी पडलेला जोडीचा धागा नव्याने विणला जातो. थोडक्यात झेरॉक्स, देणाऱ्याचं काहीच जात नाही. बरं घेणारा त्याच जातीचा हवा असंही नाही, ई. कोलायकडून क्लेबसिएलाला आरामात जातं.

1950 च्या दशकात जपानमध्ये हगवणीचे असे जंतू सापडायला लागले जे एकदम तीन-चार औषधांना दाद देईनात. एकेक म्युटेशन होत होत हे जमायला किती वेळ लागेल विचार करा! 1959 मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की हा सगळा संच एका जंतूकडून दुसऱ्याकडे एका फटक्यात जातो. म्हणजे त्यातलं कुठलंही एक औषध दिलं तरी सगळेच जीन टिकून राहतात.

आता एनडीएम-1, म्हणजे बॅक्टेरिया बनवतो ते औषध फोडणारं एक एन्झाइम. 2008 मध्ये स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या पेशंटमध्ये सापडलं, तो आधी दिल्लीत ॲडमिट होता. नावात न्यू डेल्ही आल्यामुळे आपल्याकडे केवढा गदारोळ झाला, पण हे एन्झाइम करतं काय ते फार कुणी सांगितलं नाही. साध्या पेनिसिलिनपासून मेरोपेनेमसारख्या तगड्या औषधापर्यंत सगळ्यांत एक चौकोनी बीटा-लॅक्टम रिंग असते, एनडीएम झिंकच्या दोन अणूंच्या मदतीने पाण्याचा रेणू वापरून ती रिंग फोडतं. ॲमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्युलॅनिक ॲसिड देतात ते असल्याच एन्झाइमना अडवायला, पण ते सेरिनवाल्या (झिंकऐवजी सेरिन नावाच्या अमिनो ॲसिडने रिंग फोडणाऱ्या) एन्झाइमवर चालतं, झिंकवाल्यावर नाही. याच घराण्यातलं ॲझट्रिओनाम हे औषध मात्र एनडीएमला फुटत नाही! पण त्याच बॅक्टेरियाकडे बहुतेकदा ते फोडणारं दुसरं सेरिनवालं एन्झाइम असतं, म्हणून सोबत ॲव्हिबॅक्टम देऊन त्या दुसऱ्याला गप्प करायचं. डोकं गरगरलं असेल तर हा पॅरा सोडून द्या, मला फार आवडतो म्हणून लिहिला.

टीव्हीवाले सुपरबग म्हणून किंचाळतात पण रेझिस्टंट म्हणजे जास्त जहाल असं काही नसतं, औषध उरत नाही एवढंच, आणि आयसीयूतल्या पेशंटला तेवढं पुरतं. तिथे जवळपास प्रत्येकाला अँटिबायोटिक चालू, लघवीची नळी, व्हेंटिलेटरची नळी, बेसिनच्या ड्रेनमध्ये जंतूंचा बुळबुळीत थर, आणि या बेडवरून त्या बेडवर जाणारे स्टाफचे हात. हळदीच्या दुधाला नॅचरल अँटिबायोटिक म्हणणारे फॉरवर्ड येतात, दूध खुशाल प्या, पण त्यातलं कर्क्युमिन रक्तात जवळजवळ पोचतच नाही त्यामुळे सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शनमुळे जीवावर बेतलेलं असताना, त्याचा उपयोग शून्य.

कल्चरचा, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून त्यावर कुठलं औषध चालतं ते बघण्याचा, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, पेशंट सीरियस असेल तर डॉक्टर तेवढं थांबू शकत नाहीत म्हणून आधी मोठं औषध चालू करतात, ते चूक नाही. पण रिपोर्ट आल्यावर साधं औषध चालत असेल तर त्यावर यायला हवं आणि ते बऱ्याचदा राहून जातं. नातेवाइकांनी रिपोर्ट आला का, औषध बदललं का, एवढं जरूर विचारावं.