साल्झबुर्ग मिस्सा

साल्झबुर्ग मिस्सा (मिस्सा सालिस्बुर्गेन्सिस) : ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग कॅथीड्रलसाठी सतराव्या शतकात रचलेले ‘मिस्सा’चे, म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती मुख्य उपासनाविधीचे भव्य संगीत. आठ-आठ स्वरांचे दोन गायकवृंद, तंतुवाद्ये, बासऱ्या, ओबो, ट्रंबोन, ट्रंपेट व नगारे मिळून हिच्यात ५३ स्वरपंक्ती (एकाच वेळी स्वतंत्रपणे गायचे-वाजवायचे भाग) आहेत.

हस्तलिखितावर रचनाकाराचे नाव नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते साल्झबुर्गमधील एका भाजीविक्रेत्याकडे सापडले, असे सांगतात. प्रारंभीच्या अभ्यासकांनी ते रोमचा संगीतकार ओराझियो बेनेव्होली (१६०५–७२) याचे मानले व त्याचा संबंध कॅथीड्रलच्या १६२८ मधील अभिषेकाशी जोडला. संगीत-अभ्यासक गिडो आडलरने १९०३ मध्ये हे संगीत याच नावाने व वर्षाने प्रसिद्ध केल्याने तो समज रूढ झाला. मात्र १६२८ मध्ये बेनेव्होली जेमतेम तेविशीचा होता. शिवाय स्वरलेखनात ओबो (सनईसारखी सुषिर वाद्ये) आहेत आणि हे वाद्य फ्रान्समध्ये घडले ते सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. हा एकच पुरावा १६२८ हे वर्ष बाद करण्यास पुरेसा वाटतो. संगीत-अभ्यासक एर्न्स्ट हिंटरमायर याने १९७५ मध्ये कागद व लेखनिकाचे हस्ताक्षर यांच्या आधारे ही रचना १६८२ च्या सुमाराची ठरवली. त्या वर्षी साल्झबुर्ग धर्मपीठाचा ११०० वा वर्धापन सोहळा झाला. कर्तृत्वासाठी तेथील संगीतप्रमुख आंड्रेआस होफर व बोहेमियात जन्मलेला हाइन्रिख बीबर (१६४४–१७०४) अशी दोन नावे पुढे येतात. वाद्यलेखनाची शैली पाहता बहुतेकांचा कल बीबरकडे आहे. तोच अधिक सयुक्तिक दिसतो.

चार-चार ट्रंपेट आणि नगारे यांचे दोन गट हे हिचे वैशिष्ट्य. त्या काळच्या ट्रंपेटला झडपा नसल्याने त्यातून नैसर्गिक स्वरमालेतील मोजकेच स्वर निघत. त्यामुळे संगीत दीर्घकाळ ‘सी मेजर’ या एकाच स्वरसप्तकात रेंगाळते. काहींना हा एकसुरीपणा वाटतो; पण ज्या घुमटाखाली नाद लांबवर घुमत राहतो, तिथे स्वरसंहती (एकत्र वाजणारे स्वरसमूह) झपाट्याने पालटल्या तर सारे एकमेकांत मिसळून जाईल. गट आळीपाळीने एकमेकांना उत्तर देतात, त्यामुळे नादाची दिशा बदलत राहते. ही रचना मुळात त्या वास्तूसाठीच घडवली आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. मेल्खिओर क्यूझेलच्या समकालीन कोरीवचित्रात घुमटाखालच्या खांबांवरील सज्जांत वादक-गायक दिसतात.

‘प्लाउदिते तिंपाना’ हे साल्झबुर्गचा आश्रयदाता संत रुपर्ट याचे स्तुतिगीतही याच वाद्ययोजनेत आहे.