‘काल’ असलं की ‘लेड’च? हा नियम खोटा आहे

जळगाव-धुळ्याकडे इंग्रजी शिकताना एक नियम वर्षानुवर्षं कानावर पडतो: वाक्यात ‘काल’ आलं की ‘ले’ (lay) चुकीचं, ‘लेड’च (laid) लिहायचं. त्यामुळे ‘द डॉग ले अंडर द कार्ट यस्टरडे’ हे अगदी शुद्ध वाक्य स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं बेधडक चूक ठरवतात. हकनाक मार्क जातात.

मुळात क्रियापदं दोन आहेत. ‘लाय’ (lie) म्हणजे स्वतः पडून असणं: लाय, ले, लेन (lie, lay, lain). ‘ले’ (lay) म्हणजे दुसरं काही ठेवणं: ले, लेड, लेड (lay, laid, laid). पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचं मूळ रूप हुबेहूब सारखं, सगळा घोळ तिथेच. आपल्याकडे पडणे-पाडणे ही जोडी आहेच; जुन्या इंग्रजीत ‘ले’ हे ‘लाय’चं तसंच प्रयोजक रूप होतं. म्हणून त्याला सहसा कर्म लागतं.

रावेरच्या मळ्यात मजुरांनी केळीचे घड पानांवर ठेवले: ‘दे लेड द बंचेस ऑन द लीव्ज’. घड रात्रभर तिथेच पडून राहिले: ‘द बंचेस ले देअर ऑल नाइट’. काळ दोन्हीकडे भूतच. फरक पडला तो कर्मामुळे.

खोटं बोलण्याचं ‘लाय’ वेगळं, ते नियमित आहे: लाइड, लाइड.

बोलताना इंग्लंड-अमेरिकेतली माणसंही ‘लाय’ आणि ‘ले’ची सर्रास गल्लत करतात. पण उत्तरपत्रिकेत ती सवलत मिळत नाही, तेव्हा तक्ता पाठ करताना ही दोन क्रियापदं शेजारीशेजारीच लिहा.