महिन्याचं रनिंग आणि घरचं मीटर

इलेक्ट्रिक कार घ्यायचं मनात आलं की आधी दोन गोष्टी कागदावर लिहा: महिन्याचं रनिंग किती आणि रात्री गाडी उभी कुठे राहते. मॉडेल आणि रंग नंतर बघता येतील.

विजेवर गाडी स्वस्त का पडते, ते आधी समजून घेऊ. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. लिटरला १६ किलोमीटर देणारी कार १०० किलोमीटरला ५६ युनिट ऊर्जा जाळते आणि तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बाकीची उष्णता होऊन निघून जाते. मोटरचं तसं नाही. बॅटरीतली ८५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा ती चाकाला देते. म्हणून मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक कारला, चार्जिंगमधली घट धरूनही, तेवढ्याच अंतराला १६ युनिट पुरतात.

आता पैसे. पेट्रोल १०३ रुपये धरलं तर किलोमीटरला साडेसहा रुपयांच्या जवळ जातात. घरची वीज कर वगैरे धरून ७ रुपये युनिट मानली, तर सव्वा रुपयाच्या आत काम होतं. किलोमीटरमागे सव्वापाच रुपये वाचले. दोन गाड्यांच्या किमतीत ३ लाखांचा फरक असेल, तर तो भरून यायला ५७ हजार किलोमीटर लागतील. बेळगावहून रोज निपाणीला जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्याचे एवढे किलोमीटर दीड-दोन वर्षांत होतात. टिळकवाडीतून कॅम्पात आणि रविवारी एखाद्या गावी, असं महिन्याला ४०० किलोमीटर फिरणाऱ्याला मात्र जवळजवळ बारा वर्षं लागतील.

पण कर्नाटकात राहणाऱ्यांच्या हिशोबात आणखी एक गोष्ट येते आणि तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. ती म्हणजे राज्य सरकारची गृहज्योती योजना. २०२३ पासून बहुतेक घरांना जुन्या सरासरी वापरापुरतं शून्य बिल येतं, पण महिन्याचा वापर २०० युनिटच्या पुढे गेला की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं. समजा, तुमच्या घराला ९० युनिट लागतात आणि ती फुकट आहेत. कार महिन्याला १,००० किलोमीटर फिरली तर १६० युनिट वाढतील. एकूण २५०. म्हणजे कारच्या १६० युनिटांसोबत घराची ९० युनिटंही आता तुम्हीच भरणार. बिल १,७५० रुपये, आणि ते सगळं कारमुळे आलेलं. कारच्या विजेचा खरा दर ७ नाही, ११ रुपयांच्या जवळ पडला. तरीही पेट्रोलपेक्षा ही गाडी बरीच स्वस्तच आहे, पण फरक भरून यायला ५७ ऐवजी ६४ हजार किलोमीटर लागतात. रनिंग ५०० किलोमीटरच असेल तर हेच घर २०० च्या आत राहतं आणि फक्त वाढीव युनिटांचे पैसे द्यावे लागतात. म्हणून गेल्या वर्षभराची बिलं काढून बसा. गाडीसाठी वेगळं मीटर मिळेल का आणि त्याचा दर काय, हे हेस्कॉमच्या कार्यालयात जाऊन विचारा. पलीकडे चंदगड-गडहिंग्लजात महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, तिथेही वरच्या टप्प्याचा दर धरूनच हिशोब करायला हवा.

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांत ज्यांची गाडी रस्त्यावर, घरापासून लांब उभी राहते, त्यांना माझा सल्ला स्पष्ट आहे: थांबा. सार्वजनिक फास्ट चार्जरवर युनिटला २२ रुपये धरले तरी किलोमीटरला साडेतीन रुपये पडतात. मग ३ लाखांचा फरक भरून निघायला लाखभर किलोमीटर लागतात, आणि चार्जरपाशी ताटकळणं वेगळं.

लांबच्या प्रवासाचं काय? ४० युनिटची बॅटरी शहरात २५० किलोमीटर चालेल, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. महामार्गावर ताशी १०० ने गेलात तर २०० ते २२० वर थांबावं लागेल. बेळगावहून कोल्हापूरला जाऊन-येऊन जवळपास तेवढंच अंतर होतं, म्हणून तिकडे अर्धा तास चार्जिंगला ठेवावा किंवा ८० च्या वेगाने जावं. गोव्याच्या वाटेवरच्या घाटाची भीती मात्र अनाठायी वाटते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. माणसांसकट १,७०० किलोची गाडी तेवढी वर आणायला साडेतीन युनिट लागतात, मोटरमधली घट धरून चार. उतरताना मोटरच जनित्र होते आणि त्यातली निम्मी तरी बॅटरीत परत येतात. भरलेल्या बॅटरीत ही वीज मावत नाही, पण कणकुंबी ओलांडून चोर्ला घाट लागेपर्यंत सात-आठ युनिट खर्च झालेली असतात, त्यामुळे जागा असते.

बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटरची देतात. बॅटरी वापराने झिजते तशी नुसत्या वयानेही झिजते, हे कमी रनिंगवाल्यांनी ध्यानात ठेवावं. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो ५ टक्केच आहे, पण दोन्हींतलं अंतर कमी झालं. जुन्या किमतींवर केलेला हिशोब आता धरू नका. नोंदणी ज्या राज्यात गाडी वापरणार तिथेच करा; १२ महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर नवी नोंदणी लागते.

बुकिंगच्या आधी एक काम आवर्जून करा: जाणत्या वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग आणि मंजूर लोड तपासून घ्या. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर रात्रभरात २५-३० युनिट सहज भरतात, वेगळा मोठा चार्जर लागेलच असं नाही. पण तो प्लग तासन्‌तास ३ किलोवॅटच्या आसपास भार ओढतो, आणि जुन्या घराची वायर त्याने तापते. अर्थिंग कच्चं असेल तर बहुतेक चार्जर दोष दाखवून सुरूच होत नाहीत. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात झाडं पडून वीज जाते, तिकडच्यांनी जून ते सप्टेंबर बॅटरी निम्म्याखाली जाऊ देऊ नये.