डेझर्ट पेंटब्रश की वायोमिंग पेंटब्रश?

अमेरिकेतल्या युटाच्या लाल खडकांत फिरून आलेल्यांच्या फोटोंमध्ये रानफुलांचा एखादा शेंदरी झुपका हटकून असतो आणि खाली नुसतं ‘पेंटब्रश’ लिहिलेलं असतं. कॅस्टिलेजा या प्रजातीत जवळपास २०० जाती आहेत, तेव्हा एवढ्यावर भागत नाही. त्या कोरड्या मुलखात वरचेवर घोळ होतो तो दोघांत: डेझर्ट पेंटब्रश (कॅस्टिलेजा क्रोमोसा) आणि वायोमिंग पेंटब्रश (कॅस्टिलेजा लिनॅरिफोलिया). दुसरं १९१७ पासून वायोमिंगचं राज्यफूल आहे खरं, पण ते युटा, ॲरिझोना, नेवाडातही भरपूर उगवतं. त्यामुळे नावावर जाऊ नका.

रंगावर तर मुळीच जाऊ नका. दोन्ही लाल, दोन्ही कधी नारिंगीकडे झुकणारी, क्वचित पिवळीसुद्धा. शिवाय दिसतो तो लाल रंग पाकळ्यांचा नाहीच. बोगनवेलीत जसा फुलाभोवतीच्या पानांना रंग असतो, तसा इथे तो फुलालगतच्या पानांना (सहपत्रांना) आणि फुलाच्या बाहेरच्या पेल्याला (निदलपुंजाला) असतो. खरं फूल म्हणजे आतली अरुंद, हिरवट नळी. तिच्यातल्या मधासाठी हमिंगबर्ड येतात.

आता झुपक्यातलं एकच फूल निवडा आणि ते कडेने बघा. लाल निदलपुंज पुढून आणि मागून चिरलेला दिसेल. डेझर्ट पेंटब्रशमध्ये या दोन्ही चिरा साधारण सारख्याच खोल असतात. फूल त्यातून वरच्या बाजूला निघतं, आणि तीन-पाच भागांत फाटलेली सहपत्रं बरीच मोठी असल्याने नजर त्यांच्यावरच खिळते. वायोमिंग पेंटब्रशमध्ये मात्र पुढची, म्हणजे दांड्याकडे पाठ केलेल्या बाजूची चीर मागच्यापेक्षा कितीतरी खोल जाते. हिरवट-पिवळी नळी त्या फटीतून बाहेरच्या अंगाला वाकून येते. त्यामुळे झुपका थोडा विस्कटलेला दिसतो आणि लालात हिरव्या-पिवळ्या काड्या खुपसल्यासारख्या वाटतात. ही चीर एकदा नजरेत बसली की बाकीच्या खुणा दुजोऱ्यापुरत्या उरतात.

डेझर्ट पेंटब्रश बुटकं, बहुधा १५ ते ४५ सेंटिमीटर. अंगावर राठ केस, वरची पानं फाटलेली. वायोमिंग सडपातळ, मीटरभरही वाढतं; पानं अरुंद, लांब, बहुतेक अखंड. बहुतेक म्हटलं, कारण याचीही शेंड्याकडची पानं कधी तीन भागांत फाटतात. एका पानावर निकाल देऊ नये.

हंगामाची मदत मोठी होते. एप्रिल-मे महिन्यांत युटातल्या आर्चेस किंवा कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानांसारख्या सखल वाळवंटी भागात दिसलेलं झाड डेझर्ट असण्याची शक्यता जास्त. ऑगस्टमध्ये युटातल्याच ब्राइस कॅन्यनच्या कड्यावर, २४०० मीटरच्या वर, उंच लाल पेंटब्रश भेटलं तर आधी वायोमिंगचा विचार करा. जूनमध्ये मधल्या उंचीवर दोन्ही फुललेली सापडू शकतात. तिथे परत ती चीरच बघावी लागते.

सेजब्रश या तिथल्या करड्या झुडपाच्या शेजारी उगवलंय, ही खूण मात्र कुचकामी. दोन्ही अर्धपरजीवी आहेत: पानं हिरवी असल्याने स्वतःचं अन्न करतात, पण मुळं शेजाऱ्याच्या मुळांत घुसवून पाणी आणि क्षार ओढतात. ज्वारीवर वाढणारा आपला टारफुला याच कुळातला. म्हणूनच पेंटब्रश खणून बागेत लावायला गेलं की ते सहसा मरतं.

त्याच खडकांत पेनस्टेमॉन नावाचं दुसरं लाल रानफूलही फुलतं. ते वेगळं काढायला भिंग लागत नाही: त्याची पानं समोरासमोर जोडीने येतात, पेंटब्रशची एकाआड एक, आणि त्याची फुलाची नळीच लाल असते.

राष्ट्रीय उद्यानांत फूल तोडायला बंदी आहे, म्हणजे मदार फोटोंवरच. एक फोटो अख्ख्या झाडाचा, एक दांड्याच्या मधल्या पानांचा, आणि एक फुलाचा, अगदी जवळून आणि कडेने. वरून टिपलेला झुपका कितीही सुरेख आला तरी त्यात ती चीर दिसत नाही.