कूलर, एसी, गिझर बिघडला? फोन करायच्या आधी एवढं बघून घ्या

(परभणी शहर आणि जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड, पूर्णा साईडच्या आमच्या सगळ्या ग्राहकांसाठी)

नमस्कार मंडळी. एप्रिल लागला की सकाळपासूनच फोन सुरू होतात, "भाऊ हवाच थंड येईना", मग आमचं पोरगं भर उन्हात गाडी काढून जिंतूरपर्यंत जातं आणि बघतं तर एसीच्या फिल्टरवर बोटभर धूळ, नाहीतर कूलर चालू आणि घराच्या सगळ्या खिडक्या बंद. अशा कामाचे व्हिजिटचे पैसे मागायला आम्हालाही जड जातं आणि द्यायला तुम्हालाही. म्हणून हा कागद छापला. घरच्या घरी काय करता येतं ते यात आहे, आणि कुठं बिलकुल हात लावायचा नाही तेही आहे, ते जरा जास्त नीट वाचा.

एक गोष्ट आधीच सांगतो. कंपनीच्या पुस्तकात सर्व्हिस वर्षातून एकदा म्हणून लिहिलेलं असतं, पण ते लिहिणाऱ्यानं आपल्या बोअरचं पाणी पाहिलेलं नसतं. आपल्याकडं मशीन जुनी होऊन कमी मरते, धूळ, खारं पाणी आणि व्होल्टेज यांच्यामुळं जास्त मरते. हे तीन सांभाळले तर साधी मशीनही भरपूर वर्षं चालते.

कूलर

कूलर थंड हवा "बनवत" नाही, पाणी वाळतं तेव्हा हवेतली उष्णता ओढून घेतं, एवढंच. म्हणून कोरड्या हवेत कूलरला तोड नाही. बाहेर 42 डिग्री आणि हवा आपल्या मे महिन्यासारखी कोरडी ठणठणीत असली की चांगला कूलर 27-28 पर्यंतची हवा देतो. पण मृगाचा पाऊस पडला, हवेत दमटपणा आला की तोच कूलर चिकट हवा फेकतो आणि लोक म्हणतात मोटर कमजोर झाली. मोटरला काही झालेलं नसतं. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

हीच गोष्ट बंद खोलीची. कूलर खिडकीला बाहेरून लावा किंवा खिडकीसमोर ठेवा म्हणजे बाहेरची कोरडी हवा ओढेल, आणि समोरच्या बाजूचं दार नाहीतर खिडकी थोडी उघडी ठेवा. सगळं बंद करून बसलं की तासाभरात खोलीतच दमटपणा भरतो, अंथरूण ओलं लागतं, अंग चिकचिक करतं.

पंखा फिरतोय पण पॅड कोरडी आहे असं असेल तर आधी प्लग काढा, मग पंप उचलून बघा. खालच्या जाळीत गवताचा चोथा, शेवाळ, खार अडकलेला असतो, जुन्या टूथब्रशनं साफ केला की बऱ्याच वेळा पंप तिथंच चालू होतो. वरच्या पाइपची भोकंही खारानं बुजतात, सुईनं मोकळी करा. टाकीतलं पाणी संपलेलं असताना पंप चालू राहिला तर तो जळतो, त्यामुळं रात्री झोपायच्या आधी पाणी बघत जा.

पंखा सुरू होताना नुसता गुणगुणतो आणि हातानं ढकललं की फिरतो, असं असेल तर बहुतेक कपॅसिटर गेलेला असतो. स्वस्त वस्तू आहे, पण जुन्यावर जो मायक्रोफॅरडचा आकडा लिहिलाय तोच घ्यायचा, दुकानदार "हा पण चालतो" म्हणाला तरी नाही घ्यायचा, मोटर गरम होते. आणि काडीनं पंखा ढकलून ढकलून उन्हाळा काढणारेही आहेत, त्यांच्या मोटरची वाइंडिंग आम्ही मे महिन्यात करतो. करकर आवाज येत असेल तर बुश कोरडे पडलेत, मशीन ऑइलचे दोन थेंब बस, खोबरेल तेल टाकू नका ते चिकटून बसतं.

पॅडचं म्हणाल तर गवताची पॅड दर उन्हाळ्याला बदलायचीच. हनीकोंब दोन-तीन वर्षं जाते, पण बोअरचं पाणी असेल तर ती पांढरी कडक होते आणि हवाच पुढं येत नाही. लिंबूसत पाण्यात विरघळवून त्यात बुडवून ठेवा, मग हळू धारेनं धुवा. बाथरूमचं ॲसिड टाकू नका, पत्र्याची टाकी खाऊन टाकतं आणि वास छातीत जातो. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी कोरडी करा, कारण डेंग्यूचा डास याच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसात नवीन डास बाहेर पडतो. आणि खाराचंही तेच, पाणी उडून जातं पण क्षार टाकीतच राहतो, वरून भरत राहिलं की तो वाढतच जातो.

पाणी वाया जातं म्हणून लोक काढत नाहीत हे आम्हाला कळतं. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते कोणी विसरलेलं नाही, आणि मोठा डेझर्ट कूलर कडक उन्हात दिवसाला शंभर लिटरच्या पुढं सुद्धा पितो. टाकीतलं काढलेलं पाणी अंगण-संडासाला वापरा, कुंड्यांना देऊ नका, फार खारं झालेलं असतं.

आता करंटचं. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय आणि घराला अर्थिंग नाही, यानं मराठवाड्यात दर उन्हाळ्यात माणसं जातात. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. कूलरची वायर तीन पिनचीच पाहिजे, आणि तिसरी पिन खरंच जमिनीत गेलेल्या अर्थिंगला जोडलेली पाहिजे, खेड्यात कितीतरी घरांत ती पिन नुसती शोभेला असते. हात लावल्यावर झिणझिण आलं तरी "थोडा थोडा करंट येतो, चालतंय" म्हणून सोडू नका, त्याच दिवशी कूलर बंद करा आणि आम्हाला नाहीतर गावातल्या वायरमनला बोलवा. मेन बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाईट तोडणारा स्विच, बसवून घ्या. साध्या एमसीबीनं माणूस वाचत नाही, ती वायर वाचवायला असते. लेकरं कूलरपाशी खेळतात हो, यात पैसे बघू नका.

एसी

सगळ्यात जास्त ऐकायला येणारं वाक्य, "गॅस संपलाय, भरून द्या." एसीचा गॅस गाडीच्या पेट्रोलसारखा जळत नाही, बंद पाइपात तोच तोच फिरत असतो. कमी झाला याचा अर्थ कुठंतरी लिकेज आहे. लिकेज न शोधता नुसता गॅस भरून देणारा मेकॅनिक पुढच्या शिजनला पुन्हा तुमच्याच घरी यायची सोय करून जातो. नीट काम असं असतं: नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाच्या पाण्यानं लिकेज शोधायचं, ते बंद करायचं, व्हॅक्यूम पंपानं पाइपातली हवा आणि ओल काढायची, आणि मग वजनकाट्यावर ठेवून गॅस भरायचा. आउटडोअरच्या स्टिकरवर कोणता गॅस आणि किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. समोर उभं राहून काटा बघा, आमच्याही पोराला विचारा, आम्हाला राग येत नाही. जुन्या एसीत आर 22 असायचा, नंतर आर 410ए आला, आता बहुतेक नवीन एसीत आर 32 आहे. एकाच्या जागी दुसरा चालत नाही, आणि आर 32 थोडा पेट घेणारा आहे, त्यामुळं लिकेज शोधायला काडी-लायटर घेऊन जाणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पण गॅसवर यायच्या आधी फिल्टर बघा. इनडोअरचं पुढचं झाकण उघडलं की दोन जाळ्या निघतात, नळाखाली धुवा, सावलीत वाळवा, परत लावा. उन्हाळ्यात पंधरा दिवसाला एकदा. फिल्टर चोंदला की हवा कमी येते, कॉइलवर बर्फ जमतो, मग बर्फ वितळून भिंतीवरून पाणी गळतं, आणि ग्राहक तीन वेगवेगळ्या तक्रारी सांगतो, मूळ एकच असतं. बर्फ दिसला तर एसी बंद करून नुसता फॅन मोड तास-दोन तास चालवा, चाकूनं खरवडू नका, कॉइलला भोक पडलं की खर्च मोठा. फिल्टर स्वच्छ असून पण बर्फ येतोय तर मग गॅस कमी असू शकतो, तेव्हा बोलवा.

नुसतं पाणीच टपकत असेल तर ड्रेनच्या पाइपात चिखल, शेवाळ नाहीतर किड्यांचं घर असतं. बाहेरच्या टोकाला तोंडानं फुंकू नका, पंपानं हवा मारा.

दुपारी दोन वाजता एसी बंद पडतो आणि संध्याकाळी आपोआप नीट चालतो, ही आपल्याकडची खास तक्रार. आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीला, वर पत्रा, पुढं भंगार, आणि जाळीत धूळ. त्याला उष्णता फेकायला जागाच नाही, मग प्रेशर वाढतं आणि मशीन स्वतःला वाचवायला ट्रिप होते. मानवत, सेलूकडं जिनिंगजवळ ज्यांची घरं आहेत त्यांच्या आउटडोअरमध्ये कापसाचं तूस असं बसतं की वाकळ पांघरल्यासारखं दिसतं, आणि सोयाबीनच्या मळणीच्या दिवसात तर सगळीकडंच भुसा उडतो. एमसीबी पाडून साध्या पाण्याच्या हळू धारेनं जाळी धुतली तरी फरक पडतो, गाडी धुवायचा प्रेशर पंप मारू नका, पत्त्या वाकतात. सावली करायची तर वरून करा, पुढून हवा अडवू नका.

इन्व्हर्टर एसीत आउटडोअरच्या पीसीबीवर, म्हणजे आतल्या सर्किटच्या प्लेटवर, पाल जाऊन चिटकते हे सांगितलं तर लोक हसतात, पण पावसाळ्यात आमच्याकडं अशा प्लेटा नियमानं येतात. मुंग्याही घर करतात, उंदीर वायर कुरतडतात. भिंतीच्या भोकाला पुट्टी भरून घ्या. डिस्प्लेवर एखादा कोड आला तर त्याचा फोटो काढा, एमसीबी दहा मिनिटं बंद ठेवून परत चालू करा, तरी आला तर फोटो पाठवा, कोड प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.

व्होल्टेज. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटरी आणि कूलर एकदम चालू होतात, लाईट डीम होते, डीपी जळते ते वेगळंच. 230 च्या जागी 170-180 आलं की साध्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू व्हायला जोर लावतो, करंट जास्त ओढतो, गरम होतो. स्टॅबिलायझर घेताना तुमच्या लाईनला खाली किती व्होल्टेज येतं ते आधी मोजून घ्या, मग त्याच्यापेक्षा खालची रेंज असलेला घ्या. लाईट गेली आणि लगेच आली तर एसी लगेच चालू करू नका, तीन मिनिटं जाऊ द्या. वायर 4 एमएमची, स्वतंत्र एमसीबी, एक्स्टेंशन बोर्डावर एसी बिलकुल नाही. आउटडोअरचं झाकण उघडू नका, लाईट बंद असली तरी कपॅसिटर झटका देतो.

18 वर ठेवलं की लवकर थंड होतं असं नाही. 24-26 वर ठेवा आणि पंखा सोबत चालू ठेवा. प्रत्येक डिग्रीला साधारण 6 टक्के वीज वाचते असं वीज बचतीचं सरकारी खातं बीईई सांगतं, आणि 2020 पासून स्टारवाले एसी चालू केल्यावर 24 वरच चालू होतात ते याच्यासाठीच. वरचा स्लॅब तापणारी खोली असेल तर 1 टनाचा एसी कमी पडतो, यात एसीचा दोष नाही. माळवदाच्या घरात राहिलेल्यांना हे सांगायची गरज नाही, गच्चीला पांढरा रंग मारून बघा, फरक कळतो.

गिझर, सोलर आणि थंडी

परभणीची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. काही वर्षी पारा 5-6 च्याही खाली जातो, कृषी विद्यापीठाचा आकडा पेपरात येतो आणि दुसऱ्या दिवशी गिझरचे फोन चालू होतात. पूर्वी बंबात लाकडं टाकली की काम भागायचं, आता एलिमेंटवर, म्हणजे गिझरमधल्या पाणी तापवणाऱ्या सळईवर, सगळं आलंय.

गिझरमधून कटकट, उकळल्यासारखा आवाज, पाणी तापायला उशीर, लाईट बिल जास्त, ही सगळी खाराची लक्षणं. एलिमेंटवर चुन्यासारखा थर बसतो आणि उष्णता पाण्यात जाईना होते, शेवटी एलिमेंट फुटतं आणि नळाच्या पाण्यातून करंट येतो. बोअरच्या पाण्याला वर्षातून एकदा, दिवाळीच्या आसपास, आतून साफ करून घ्या आणि त्याच वेळी मॅग्नेशियमचा रॉड बघायला सांगा, तो स्वतः झिजतो म्हणून टाकी गंजत नाही. थर्मोस्टॅट 50-55 वर ठेवा, पाणी जेवढं जास्त तापेल तेवढा खार जास्त बसतो. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी येतंय म्हणून त्याला बूच मारणारे लोक आहेत. मारू नका, टाकी फुटते.

गॅस गिझर पेटेना तर आधी सेल बदला, मग टाकी किती उंचावर आहे ते बघा, पाण्याला प्रेशर नसलं की तो पेटतच नाही. पण तो बंद बाथरूमच्या आत बसवायला आम्ही जात नाही, कोणी कितीही ओळख सांगितली तरी. जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही रंग नाही, डोकं दुखतं, गरगरतं आणि माणूस आतच कोसळतो. गिझर बाहेर, नुसतं गरम पाण्याचा पाइप आत. ज्योत निळी पाहिजे, पिवळी-तांबडी दिसली तर बंद करा.

बादलीतला रॉड लावून पाण्यात हात घालून बघायची सवय सोडा. रूम हीटर पहिल्या दिवशी जळका वास देतो, ती वर्षभराची धूळ असते, तासाभरात जातो. वायर किंवा प्लग गरम लागला तर मात्र बंद. सोलरचं पाणी कोमट येतंय तर गच्चीवर जाऊन नळ्यांवरची धूळ पुसा, सकाळी लवकर, ऊन चढल्यावर तापलेल्या नळीवर गार पाणी टाकलं की ती तडकते. नळी आतून पांढरी दुधासारखी दिसली तर व्हॅक्यूम गेलाय, ती बदलावीच लागते.

आम्हाला बोलवताना

कंपनी, किती टन किंवा किती लिटर, किती वर्षं जुनं, नळाचं पाणी का बोअरचं, आणि नेमकं काय होतंय एवढं व्हॉट्सॲपवर टाका, शक्य असलं तर आवाजाचा छोटा व्हिडिओ आणि स्टिकरचा फोटो. त्यावरून पोरगं बरोबर पार्ट घेऊन निघतं, नाहीतर त्याला दोनदा यावं लागतं. वॉरंटीतलं मशीन असेल तर आधी कंपनीला फोन करा, आम्ही उघडलं तर वॉरंटी जाऊ शकते. काढलेला जुना पार्ट मागून घ्या, तो तुमचाच आहे.

कूलर-एसीची सर्व्हिस होळीच्या आधी सांगितली तर त्याच आठवड्यात होते. मे मध्ये सांगितलं तर नंबर लागतो, तेव्हा घरात लहान लेकरू, म्हातारं माणूस किंवा कोणी आजारी असेल तर ते मेसेजमध्ये लिहा, ती घरं आम्ही आधी घेतो.