सॉफ्टबॉलमधील काठावरचे निर्णय

रनरचा (बेस गाठायला धावणाऱ्या खेळाडूचा) पाय आणि क्षेत्ररक्षकाच्या ग्लोव्हमधला चेंडू जवळजवळ एकाच क्षणी बेसवर (मैदानाच्या कोपऱ्यातल्या चौकोनी गादीवर) पोहोचतात, तेव्हा सेफ की आऊट हे ठरवण्याची पंचांची पद्धत. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधले अंतर ६० फूट (१८.२९ मीटर) असते, बेसबॉलमध्ये ९० फूट. अंतर इतके कमी असल्याने जमिनीवरून आलेला साधा चेंडू उचलताना शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) जरा अडखळला, तरी पहिल्या बेसवर चुरस होते. जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशच्या तीन जिल्ह्यांत शालेय व आंतरमहाविद्यालयीन सामने एखाद-दुसऱ्या पंचावरच चालवावे लागतात. अशा सामन्यांत व्हिडिओ पुन्हा पाहण्याची सोय नसते. त्यामुळे पंच कुठे उभा राहतो, यावरच निर्णयाचा खरेपणा अवलंबून राहतो.

चेंडू मारला जाताच पंचाने मनाशी एक गोष्ट पक्की करावी लागते: ही फोर्स आहे की टॅग? मागून येणाऱ्या रनरमुळे किंवा बॅटरमुळे पुढच्याला बेस सोडणे भाग असेल तर ती फोर्स. तिथे चेंडू हातात पक्का धरून क्षेत्ररक्षकाने रनरआधी बेसला स्पर्श केला की पुरे. तसे भाग नसेल तर चेंडू असलेल्या हाताने किंवा ग्लोव्हने रनरलाच शिवावे लागते, तो टॅग. मागचा रनर आधीच बाद झाला की पुढच्याची फोर्स संपते. नवखे पंच इथे हमखास चुकतात: पहिल्या बेसवर बॅटर बाद झालेला असतो आणि दुसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षकाने नुसता पाय टेकवला तरी रनरला आऊट दिले जाते.

फोर्ससाठीचा नियम जुना आणि खात्रीचा आहे: डोळा बेसवर, कान ग्लोव्हवर. थ्रो हातातून सुटताना तो सरळ येतो आहे का एवढे पाहायचे, मग नजर बेसवर आणून स्थिर करायची. रनरचा पाय आणि क्षेत्ररक्षकाचा पाय दोन्ही दिसतात, चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज कानावर येतो. चेंडूचा पाठलाग करत डोळा बेसपर्यंत नेला तर पाय टेकल्याचा क्षण निसटतो.

मात्र आवाजाला वेळ लागतो. होम प्लेटजवळ (बॅटर जिथून चेंडू मारतो तिथे) उभ्या पंचाला पहिल्या बेसवरचा आवाज सुमारे ०.०५ सेकंद उशिरा ऐकू येतो. सेकंदाला ६ ते ७ मीटर धावणारा रनर तेवढ्यात ३० ते ३५ सेंमी पुढे सरकतो आणि बेसची बाजू असते ३८ सेंमी. म्हणजे लांबून ऐकणाऱ्याला चेंडू उशिरा आल्यासारखा वाटतो आणि जो आऊट होता तो सेफ ठरतो. साडेपाच मीटरवर उभे राहिल्यास हीच तफावत दहा सेंमीच्या आसपास येते. एकट्या पंचाने बॅटर धावू लागताच मास्क काढून, प्लेट सोडून पुढे धावावे, हा आग्रह त्यासाठीच.

जागा निवडताना अंतरापेक्षा कोन महत्त्वाचा. थ्रोच्या रेषेशी काटकोन करून बेसपासून १५ ते १८ फुटांवर उभे राहावे. फार जवळ गेले तर पाय, बेस आणि ग्लोव्ह एका नजरेत मावत नाहीत. टॅगसाठी १० ते १२ फुटांपर्यंत आत जावे, पण क्षेत्ररक्षकाच्या पाठीमागे कधीच नाही. ग्लोव्ह आणि रनरचे शरीर यांच्यातली फट दिसली पाहिजे. आणखी एक, निर्णयाच्या क्षणी पाय थांबलेले हवेत. धावता धावता पाहिले की नजरेसमोरचे सगळेच हलते. चार पावले कमी पडली तरी चालतील, थांबून पाहावे.

पाहिल्यावर लगेच हात उचलू नये. चेंडू ताब्यात आहे का, निसटला का, पाय बेसवरून उठला होता का, हे पाहण्यापुरते थांबून मग उजवी मूठ (आऊट) किंवा आडवे पसरलेले दोन्ही हात (सेफ). टॅगमध्ये हे थांबणे अधिक गरजेचे. स्लाईडमध्ये (रनर जमिनीवरून घसरत बेसवर येतो तेव्हा) धूळ उडते, टॅगच्या धडकेत चेंडू ग्लोव्हमधून सुटतो. सुटला तर आऊट नाही. चेंडू एका हातात आणि शिवले रिकाम्या ग्लोव्हने, असेही घडते. पहिला बेस ओलांडून पुढे धावता येते. दुसऱ्या-तिसऱ्यावर मात्र रनर घसरत पुढे गेला आणि बेसशी संपर्क तुटला असताना शिवला गेला तर बाद. म्हणून पाय टेकला तरी नजर हटवू नये.

‘बरोबरी झाली तर रनर सेफ’ हे मैदानावर सगळ्यांच्या तोंडी असते. पंचाने मात्र ‘बरोबरी’ हा शब्द उच्चारू नये. आधी काय झाले, चेंडू की पाय, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे असतो आणि त्याचे उत्तर त्यालाच द्यायचे असते.

पहिल्या बेसवर डबल बेस असेल तर पांढरा भाग क्षेत्ररक्षकाचा, फाऊलच्या बाजूचा (रेषेबाहेरचा) रंगीत भाग बॅटर-रनरचा, म्हणजे चेंडू मारून धावणाऱ्या बॅटरचा. चुरशीच्या वेळी रनरने फक्त पांढऱ्याला स्पर्श केला, तर तो परतण्याआधी अपील (विरुद्ध संघाने पंचाकडे दाद मागणे) झाल्यास बाद होतो. पंचाने स्वतःहून ते सुचवायचे नसते.

खानदेशातल्या काळ्या मातीच्या मैदानांची काळजी वेगळी घ्यावी लागते. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, मुरूम टाकला तरी बेसचे खिळे ढिले होतात. सामन्याआधी प्रत्येक बेस पायाने दाबून पाहावा आणि फक्कीच्या रेषा पुसट झाल्या असतील तर डावांच्या मध्ये पुन्हा मारून घ्याव्यात. स्लाईडने बेस सरकला तर रनर त्याबद्दल बाद होत नाही. बेस त्याच्यासोबत सरकला असे मानतात. प्रेक्षकांचा गलका किंवा ढोल-ताशा चालू असेल तर कानावर विसंबता येत नाही. अशा वेळी एक-दोन पावले मागे सरकून चेंडूचा ग्लोव्हमध्ये शिरतानाचा क्षण आणि पाय दोन्ही एकाच दृष्टिक्षेपात घ्यावेत.

पाय उठला का किंवा चेंडू पडला का, हे आडोशामुळे दिसले नसेल तर जोडीदार पंचाला विचारावे. त्यात कमीपणा नाही. आधी पाय की आधी चेंडू, या निर्णयावर प्रशिक्षकाला निषेध नोंदवता येत नाही. फोर्स नसताना फोर्सचा आऊट दिला, अशी नियमाची चूक असेल तर नोंदवता येतो, तोही बॅटरकडे पुढचा चेंडू फेकला जाण्याआधी.