दिसतं, पण ओळखू येत नाही

पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं दोन उभ्या रेघा ओढा. प्रत्येकीची जाडी एक मिलिमीटर, मधली फटही तेवढीच. बाजूला, जरा लांब, तशीच एकटी रेघ काढा. कागद भिंतीला चिकटवा आणि एकेक पाऊल मागे सरका (चष्मा असेल तर लावूनच). साधारण साडेतीन मीटरच्या आसपास फट बुजते, दोन रेघांची एकच पट्टी होते. एकटी रेघ मात्र दहा मीटरवरूनही दिसत राहते.

म्हणजे ‘लांबचं दिसतं का?’ या प्रश्नात दोन प्रश्न दडलेत. तिथे काहीतरी आहे हे कळणं वेगळं, ते काय आहे हे ओळखणं वेगळं.

ओळखण्याची मर्यादा निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग. एक किलोमीटरवर हा कोन जेमतेम २९ सेंटिमीटर व्यापतो. याचं कारण डोळ्याच्या पडद्यावर सापडतं. नजर जिथे सर्वांत तीक्ष्ण असते तिथे प्रकाश टिपणाऱ्या शंकुपेशी दाटीवाटीनं बसलेल्या असतात, तरी दोघींमध्ये सुमारे अडीच मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतर असतंच. दोन रेघा वेगळ्या कळायच्या तर त्यांच्या प्रतिमांमधली फट निदान एका पेशीवर तरी पडायला हवी. ती पडली नाही, की मेंदूला एकच रेघ कळते.

नुसतं दिसण्याला मात्र अशी आकाराची अट नाही. व्याधाचा तारा विकलेच्या (कलेच्या साठाव्या भागाच्या) शंभराव्या हिश्शाहूनही लहान, तरी तो लखलखतो, कारण तिथे हिशेब डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाचा असतो. काळ्या वस्तूंचंही तसंच. उजळ आकाशासमोर ताणलेली तार अर्धी विकला जाडीची असली तरी नजरेला जाणवू शकते. एक मिलिमीटरची तार, चारशे मीटरवरून! मला ही गोष्ट अजूनही विलक्षण वाटते.

मग चीनची भिंत अवकाशातून का दिसू नये? सुमारे साडेतीनशे किलोमीटर उंचीवरून पाच मीटर रुंदीची भिंत तीन विकलांची भरते, त्या तारेच्या सहापट. पण तार उजळ आकाशावर काळी उमटते. भिंतीचा रंग बहुतेक ठिकाणी आजूबाजूच्या मातीदगडासारखाच. २००३ मध्ये चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई परतले, तेव्हा भिंत दिसली नाही असंच त्यांनी सांगितलं.